दोन माणसांचं इंजिन

गिरणीवाल्याचं इंजिन म्हणजे नुसता हट्टी कारभार. चालू करायला दोन माणसं लागायची. त्यानं हँडल मारून ते जड चाक गरगरवायचं आणि वेग आला की ओरडायचं, "सोड!" मग बायकोनं वरची छोटी खिट्टी पाडायची. खिट्टी वर असेपर्यंत चाक मोकळं फिरतं. पाडली की आत हवा कोंडते आणि इंजिन पेट घेतं. चाळीस वर्षं तिनं खिट्टी पाडली आणि चाळीस वर्षं ऐकवलंही, "ओरडता कशाला? बहिरी नाही मी!"

ती गेल्याला आठ महिने झाले. गिरणी बंद आणि ह्याचं तोंडही बंद. शेवटी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, रविवारपर्यंत एकट्यानं इंजिन चालू करून दाखवा, माझ्याकडे राहायला यायचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाहीतर मुकाट्यानं निघून यायचं."

"बघच तू," हा म्हणाला. ताठा मेला जातोय कुठे!

शनिवारी त्यानं जीव खाऊन चार फेरे मारले आणि हँडल सोडून खिट्टीकडे धावला. तोवर चाक सुस्तावलं होतं. इंजिन एकदा खोकलं नि ठप्प. मग ह्यानं डोकं चालवलं: हँडल लांब, तर जोर कमी लागणार. पाइप चढवून लांबी दुप्पट केली. चाक निम्म्या ताकदीत हललं, स्वारी खूश! पण मूठ आता केवढ्या मोठ्या चकरेत पळवायची? वेग वाढताच हात मागे पडला आणि पाइप निसटून भिंतीवर आदळला. डोकं थोडक्यात वाचलं. ती असती तर आठवडाभर तोंडसुख घेतलं असतं. आता कुणीच काही बोललं नाही, ते त्याला जास्त लागलं.

रविवारी सकाळी तो चाकासमोर बसून राहिला. एवढं जड चाक वेग घ्यायला वेळ लावतं, मग टाकायलाही वेळच लावणार की! ती खिट्टीपाशी उभी असायची म्हणून चार फेऱ्यांत भागायचं. आता वेग जास्त साठवायला हवा.

पाइप काढला. जोर बेताचा, पण थांबायचं नाही. दहा फेरे, पंधरा, वीस. खांदा भरून आला. हँडल काढून तो दोन पावलं चालत गेला, चाक आपल्या नादात फिरतच होतं. "सोड!" तो सवयीनं ओरडला आणि स्वतःच खिट्टी पाडली.

धडाड्! इंजिन सुरू. पिठाची धूळ उडाली. त्यानं हसत शेजारी पाहिलं, तर तिथे कोणी नव्हतं. इंजिन अडलं होतं तोवर ती हवी होती. आता इंजिनालाही तिची गरज राहिली नाही, ह्या विचारानं त्याला रडूच फुटलं.

बाहेर येऊन त्यानं लेकीला फोन लावला.

"आवाज येतोय! एकट्यानं केलंत?" ती ओरडली. "जिंकलात बाबा! आता नाही हं मी विषय काढणार."

"काढ गं," तो म्हणाला. "एकदाच काढ. ह्या वेळी नाही म्हणणार नाही मी."