पाच अंशांचा शोध

विमान वेगात असलं की हवा तापमापकावर आदळून तापते. ती जादा उष्णता वजा केल्यावरच बाहेरचं खरं तापमान कळतं. संशोधक बाईंनी मोसमभर इमानेइतबारे ती वजा केली होती. ढगांवरची हवा अपेक्षेपेक्षा पाच अंशांनी थंड निघाली होती, आणि तो शोध उद्या छापायला जाणार होता.

"मॅडम, मोसमाच्या सुरुवातीला बसवलेलं नवं यंत्र ती उष्णता स्वतःच वजा करतं. तुमचं काम वाचलं की नाही?" मेकॅनिकने पान्हा पुसत विचारलं.

हँगरमधूनच बाईंनी विभागप्रमुखांना फोन लावला.

"सर, लेख थांबवा. उष्णता दोनदा वजा झालीय. हवा नेहमीसारखीच आहे."

"अगं, आणि तुझा शोध?"

"माझी चूक सापडली सर, तेवढाच शोध."