न विचारता घेतलेलं रक्त

मी एक लाल रक्तपेशी बोलतेय. एका संशोधन संस्थेची गाडी चालवणाऱ्या काकांच्या हाडातल्या मज्जेत माझा जन्म झाला. बाहेर पडताना केंद्रक मागेच टाकून आले, त्यामुळे नवं काही घडवणं मला जमत नाही. प्राणवायूची ओझी वाहायची, एवढंच काम.

काकांची थोरली लेक हिवतापाने गेली होती. ते तिचा विषय काढत नसत. पण कुणी नुसतं "थंडी वाजतेय" म्हटलं की त्यांच्या छातीत धडधड व्हायची आणि आम्ही सगळ्याजणी पळत सुटायचो.

एकदा प्रयोगशाळेतल्या मॅडम त्यांना म्हणाल्या, "काका, थोडं रक्त द्याल? आजारी माणसांच्या उपयोगी पडेल."

"घ्या की! त्यात काय एवढं?"

कुणाच्या तरी अंगात जाऊन कामाला लागेन, या आशेवर मी थंड कपाटात आठवडा काढला. मग मला एका उबदार बाटलीत ओतलं. तिथे हिवतापाचे परजीवी होते.

त्यातला एक माझ्यात घुसला आणि माझ्याच अंगावरच्या पातळ पडद्याची खोली करून आत बसला. आयत्या बिळावर नागोबा! माझं हिमोग्लोबिन खाऊ लागला. तेवढ्यावर भागलं असतं तरी सोसलं असतं. पण खोलीच्या पडद्यात त्याने बारीक दारं बसवली. आपली प्रथिनं उलगडून, सुईत दोरा ओवावा तशी त्या दारांतून माझ्या अंगभर धाडली. माझी मऊ कातडी ताठ झाली, तिच्यावर गाठी उठल्या. गाठींवर त्याची चिकट प्रथिनं. बघणाऱ्याला दिसायची मी, पण आतून चालवणारा तो.

आज दुपारी काका फाईल द्यायला आले. बाटलीवरच्या चिठ्ठीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"रक्त दिल्याची तारीख... हे माझंच ना? पेशंटला नाही दिलं?"

मॅडमनी मान खाली घातली. "हिवतापाचे परजीवी माणसाच्या रक्तातच वाढवावे लागतात, काका. त्याशिवाय औषध शोधता येत नाही. ते पेशीला असं चिकट करतात की ती रक्तवाहिनीला धरून बसते. मग मेंदूचं रक्त अडतं."

"माहितीये. शेवटी माझी पोर मला ओळखत नव्हती." काकांचा आवाज चिरकला. "तिला ज्याने खाल्लं, त्यालाच माझं रक्त पाजलंत?"

"तिचं मला ठाऊक होतं. म्हणूनच बोलले नाही. तुम्ही नाही म्हणाला असतात."

"विचारून तर बघायचं होतंत," काका म्हणाले. "दुसरा हातही पुढे केला असता."

फाईल टेबलावर ठेवून ते निघून गेले. मॅडम हाक मारत जिन्यापर्यंत गेल्या आणि एकट्याच परत आल्या.

माझ्या पोटात आता त्याची डझनभर पिल्लं झाली आहेत. तासाभरात मी फुटेन. परजीवी तर वैरीच, त्याच्याकडून मी दुसरी कसली अपेक्षा करणार? पण मॅडम, काकांनी तुमच्यावर विश्वास टाकला होता. औषध जरूर शोधा. मात्र आज संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि माफी मागा.