साडूची नजर

"अजून. अजून जरा पांढरं कर," मऊ खुर्चीत पाय पसरून बसलेला थोरला साडू म्हणाला. "पिवळट आहे रे. कावीळ झाल्यासारखं."

उस्तादने रिमोटचं बटण दाबलं. सकाळपासून खपून त्याने पडद्यावरचा पांढरा अगदी कोऱ्या कागदासारखा आणला होता. तो आता नीळ जास्त पडलेल्या चादरीसारखा दिसू लागला.

"आता?"

"आता बरा आहे. आणखी एक घर घे पुढे."

उस्ताद वळून त्याच्याकडे बघत राहिला. थट्टा करतोय म्हणावं तर साडूच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. बंगल्याच्या तळमजल्यावर खास बांधून घेतलेली ही खोली, काळ्या कापडाने मढवलेल्या भिंती, छताला टांगलेला महागडा प्रोजेक्टर, आणि मालकाला पडद्यावरचा पांढरा पिवळा दिसतोय.

"भाऊ, एक मिनिट थांबा. जरा तपासून घेतो," उस्ताद म्हणाला आणि त्याने पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकोन आणले. "यातला पांढरा कुठला?"

"डावीकडचा. हे काय विचारणं झालं?"

डावीकडचा चौकोन आकाशासारखा निळसर होता. उस्तादने दोन्हींची अदलाबदल केली. साडूने आता तितक्याच ठामपणे उजवीकडे बोट दाखवलं. मग पाण्याचा पेला देण्याच्या निमित्ताने उस्ताद त्याच्या अगदी जवळ गेला आणि पडद्यावरून परत येणाऱ्या उजेडात त्याने साडूच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्यांमध्ये काळ्याभोर रंगाऐवजी गढूळ, पिवळसर साय दाटलेली होती.

मोतीबिंदू. तोही चांगला पिकलेला.

उस्तादच्या अंगातून एक गोड शिरशिरी गेली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ही म्हण त्याने जन्मभर ऐकली होती. इतक्या शब्दशः ती खरी होईल असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. रक्ताचं म्हणावं तर नाही, परकं म्हणावं तर सासरा एक. दोघांनी जन्मभर एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायचं आणि वरून गोड बोलायचं. या दोघांचं मात्र सुरुवातीला खरंच जमलं होतं. दोन सख्ख्या बहिणी यांच्या घरात आल्या आणि यांनी मिळून प्रोजेक्टरचं दुकान काढलं. साडू बोलायला पक्का, तो विकायचा. दुसरा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पडद्यावरचे रंग आणि उजेड जुळवायचा, म्हणजे चित्र लावून द्यायचा. 'उस्ताद' हे नाव त्याला साडूनेच दिलं होतं, आधी कौतुकाने आणि पुढे चिडवायला.

चित्र लावण्याची उस्तादची एक रीत होती. तो आधी अंधारात डोळे मिटून बसायचा. बाहेरचा उजेड डोळ्यांतून पुरता निघून गेल्याशिवाय पडद्याकडे बघायचाच नाही. आणि बघायचा तेव्हा दुकानात दाखवतात तसले पोपट आणि फुलं नाही, माणसाचा चेहरा. पोपट किती हिरवा असावा हे कोणाला ठाऊक? चेहरा मात्र केसभर बिघडला तरी शेंबड्या पोरालाही कळतं. त्यासाठी त्याने स्वतःच एक छोटी फिल्म काढली होती. सावलीतल्या ओट्यावर दोघी बहिणी मटार सोलत बसल्या आहेत, थोरली मधेच हसते आणि कॅमेऱ्यावर एक शेंग भिरकावते. थोरली म्हणजे साडूची बायको. तिला सगळे ताई म्हणायचे, उस्तादही ताईच म्हणायचा. तिच्या गालाचा रंग जमला की बाकीचे रंग आपोआप जमतात, असा त्याचा अनुभव होता.

दुकानाचं गणित वेगळं असतं. तिथे दिवे लख्ख पेटलेले, चार प्रोजेक्टर ओळीने चालू, आणि त्यातला जो सर्वांत भगभगीत तो विकला जातो. तोच घरी अंधाऱ्या खोलीत नेला की तासाभरात डोळे चुरचुरतात. उस्ताद तो भगभगाट उतरवायचा. एकदा एका बड्या गिऱ्हाइकाने तक्रार केली की, दुकानात झळाळत होतं ते घरी मंद कसं झालं. गिऱ्हाईक हातचं जायला नको म्हणून साडूने, दुकानातली माणसं आणि दोन-तीन व्यापारी उभे असताना, हसत हसत सांगून टाकलं, "आमच्या साडूंची नजर गेली आता. त्यांचं काही मनावर घेऊ नका."

सगळे हसले. गिऱ्हाईकही हसलं आणि प्रकरण मिटलं. पण चित्र लावणाऱ्याची नजर गेली म्हणणं म्हणजे सोनाराचा तराजू खोटा म्हणणं. बात बाजारात पसरायला वेळ लागला नाही. उस्तादने दुकान सोडलं तेव्हा त्याला बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. दृष्ट लागावी अशी त्याची दृष्टी, पण विचारणार कोण? पुढे किती तरी काळ त्याने शाळांचे आणि सभागृहांचे पंखे-दिवे दुरुस्त केले, मग हळूहळू लहानसहान कामं मिळू लागली. साडूचा मात्र त्याने असा डूख धरला की नागानेही शिकवणी लावावी. त्या दारात पाय ठेवणार नाही, असं त्याने सांगून टाकलं आणि ते पाळलं. ताई आजारी पडली तेव्हा बायको रोज दवाखान्यात जायची. हा गेला नाही. ताई गेली तेव्हाही रस्त्यावरूनच हात जोडून परत आला.

आणि मग परवा साडूचा फोन. "ताईच्या वाढदिवसाला सगळ्यांना बोलावतोय. दुकानातल्या पोरांना चित्र लावता येत नाही, मला काही केल्या पटत नाही. तूच ये बाबा. आणि ती मटारची फिल्म घेऊन ये."

उस्ताद आला तो एवढ्याचसाठी की, चित्र असं लावावं की, आपली नजर शाबूत आहे हे साडूला चार लोकांत कबूल करणं भाग पडावं. सकाळपर्यंत त्याचं मागणं एवढंच होतं. आता साडूच्या बाहुल्यांतली ती साय बघितल्यावर त्याची भूक वाढली.

"आणखी एक घर?" त्याने अदबीने विचारलं.

"घे. आणि उजेडही वाढव."

उस्तादने उजेड वाढवला. साडू म्हणेल तसं केलं, वाद घातला नाही, सल्ला दिला नाही. केसाने गळा कापायचा तर हात हलका लागतो.

संध्याकाळी खोली भरली. दुकानातला जुना मॅनेजर होता, तेव्हा हसलेले दोन व्यापारी होते, नवीन पोरं होती. साडूची सून सगळ्यांना सरबत देत फिरत होती. उस्तादची बायको आली आणि दुसऱ्या रांगेत कडेला बसली. नवरा या घरात परत आलेला बघून तिचा चेहरा इतका खुलला होता की उस्तादने तिच्याकडे बघायचं टाळलं. तो मागे, प्रोजेक्टरखाली, रिमोट घेऊन उभा राहिला.

दिवे मालवले आणि फिल्म सुरू झाली.

ओट्यावर दोघी बहिणी मटार सोलत होत्या. मटार मोरपंखी दिसत होते. ताईचे गाल राखेसारखे निळसर झाले होते, ओठ जांभळे पडले होते आणि दात टाइल्ससारखे चमकत होते. ती हसली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एकाने नजर खाली वळवली. कोणीतरी उगाच खोकलं.

"बघा," साडू म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "कशी टवटवीत दिसते. काल काढल्यासारखी."

"वा साहेब, एकदम जिवंत," मॅनेजर म्हणाला.

सुनेने आधी पडद्याकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे, आणि रिकामे पेले गोळा करायला लागली. उस्तादला सगळा उलगडा झाला. या घरात आणि त्या दुकानात साडूला खरं सांगण्याची कोणाची छाती नव्हती. जो तो मान डोलवत होता.

"उस्ताद, तू बोल," साडूने मागे वळून हाक दिली. "काम तुझं आहे. कसं दिसतंय, सांग सगळ्यांना."

हे वाक्य साडूच्याच तोंडून यावं म्हणून त्याने देव पाण्यात ठेवले असते. घसा खाकरून तो शांतपणे म्हणाला, "आमच्या साडूंची नजर गेली आता. त्यांचं काही मनावर घेऊ नका."

मॅनेजरने ते शब्द ओळखले. व्यापाऱ्यांनीही ओळखले.

"म्हणजे काय?" साडू म्हणाला.

"मोतीबिंदू आहे तुम्हाला, भाऊ. दोन्ही डोळ्यांत. निळा रंग तुमच्यापर्यंत पोचतच नाही. हे चित्र तुमच्या सांगण्यावरून लावलंय आणि यात ताई निळी पडलीय. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते दिसतंय, आणि एकजण बोलत नाही." मग हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणून त्याने बटण दाबलं आणि सकाळी स्वतः लावून ठेवलेलं चित्र आणलं.

ताईच्या गालांवर रक्त आलं. मटार हिरवे झाले, ओट्याची सावली सावलीसारखी झाली. सगळ्या खोलीने सोडलेला श्वास ऐकू आला, आणि त्याहून मोठा पुरावा कोणत्याही कोर्टाला लागला नसता.

"हे काय केलंस?" साडू पडद्याकडे बघत म्हणाला. "आता ती विझली."

मागच्या वेळी हसले होते तेच लोक आज होते, पण आज हसलं कोणी नाही. एवढीच काय ती कसर राहिली. सून पुढे होऊन "चला, वर जेवायला बसू या" असं म्हणाली आणि माणसं सुटका झाल्यासारखी जिन्याकडे निघाली. उस्ताद वायर गुंडाळू लागला. इतक्या वर्षांचं उट्टं निघालं होतं, सव्याज निघालं होतं, आणि त्याला खरोखरच हलकं वाटत होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

बायको त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

"मघाचं ते मुद्दाम लावलं होतं ना?"

"त्यांनीच सांगितलं तसं केलं. घरमालकाचा हुकूम."

"चित्राच्या बाबतीत तुम्ही कोणाच्या बापाचा हुकूम ऐकलेला नाही आजवर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर उस्तादने निभावून नेलं असतं. राग नव्हता. "शेवटी शेवटी दवाखान्यात ताई अशीच दिसायची. ओठसुद्धा असेच झाले होते. तुम्ही आला नव्हतात. तुम्हाला कुठून माहीत असणार?"

उस्तादच्या हातातली वायर तशीच राहिली. साडूवर नेम धरताना मधे कोण बसलंय हे त्याने बघितलंच नव्हतं. ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात, त्याला तेवढं दिसलं नव्हतं.

"उस्ताद, गेलास का रे?" पुढच्या रांगेतून साडूचा आवाज आला. तो जागेवरून उठलाच नव्हता.

"आहे."

"मला वाटायचं, हल्ली दिवेच हलके येतात. सगळीकडेच उजेड कमी वाटतो." त्याने डोळे चोळले. "कोणी बोललं नाही मला."

"ऑपरेशन करून घ्या. नीट होतं," उस्ताद म्हणाला. हे त्याला दुपारीच सांगता आलं असतं.

"करीन. होईल तेव्हा होईल. पण आज वाढदिवस आहे तिचा." साडूने मान वळवली नाही. "मघासारखं करतोस का जरा? मघाशी मला ती नीट दिसत होती."

उस्तादने बायकोकडे पाहिलं. बटण दाबलं तर तिच्यापुढे पुन्हा दवाखान्यातला तो चेहरा येणार होता. ती आता वर निघून जाईल असं त्याला वाटलं, आणि जावं असंही वाटलं. पण ती पुढे गेली आणि साडूच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"लावा," ती म्हणाली. "भाऊजींना बघू दे." आणि तिने डोळे मिटून घेतले.

उस्तादने बटण दाबलं. पडदा निळा झाला. साडू खुर्चीत पुढे सरकून बसला. ताईने शेंग भिरकावली, "पुरे की आता" म्हणाली, आणि तिच्या हसण्याचा आवाज आला तशी मिटल्या डोळ्यांची बायकोही किंचित हसली. एकाला खरा रंग दिसत नव्हता आणि एकीने डोळे मिटले होते. जो चेहरा बघायला उस्ताद दवाखान्यात गेला नव्हता, तो आता भिंतभर मोठा होऊन त्याच्यासमोर आला होता, आणि त्या खोलीत तो चेहरा बघणारा उस्ताद एकटाच उरला होता.

फिल्म संपली.

"परत लाव," साडू म्हणाला.

उस्तादने परत लावली.