हाडाची काडं

मी सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता प्रयोगशाळेत गेले, तर माझी भाची म्हणते, "आत्या, तपासायचंय ते हाड. ते कधीचं बाटलीत आहे. तू जेवून यायचंस."

"हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?"

पडले तेव्हा खुबा मोडला, आणि डॉक्टरांनी मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून धातूचा बसवला. जुना भाचीला अभ्यासाला दिला. अट एकच, फोटो आधी मी बघणार. मुलगा सोबत आला तो त्याच्या मतलबानं. माझं इस्त्रीचं दुकान त्याला मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायचं होतं, संध्याकाळी होकार कळवायचा होता. हाड पोकळ निघालं की म्हातारीचं तोंड बंद, असं त्याचं गणित.

यंत्र कपाटाएवढं. आत माझा गोळा ओल्या कापडात गुंडाळून संथपणे फिरत होता, आणि क्ष-किरण त्याचे हजारो फोटो काढत होते. याला मायक्रो-सीटी म्हणतात, केसाहून बारीक ते दिसतं. आम्ही जेवून आलो तेव्हा पडद्यावर चित्र तयार होतं. मी समजत होते, हाड म्हणजे दगड. हे तर काड्यांचं जाळं.

"बघ आई, नुसत्या काड्या. सगळं पोखरलंय," मुलगा म्हणाला.

"तुमच्यासाठी हाडाची काडं केली म्हणायचे, तेव्हा दात काढायचास. घे, फोटोच निघाला."

"दादा, आतून सगळ्यांचंच हाड असं असतं," भाची म्हणाली. "आत्याच्या काड्या बारीक झाल्यात, काही तुटल्यात, हे मात्र खरं. हाडातल्या पेशींत पाडणारे आणि बांधणारे सतत कामावर असतात. या वयात पाडणारे पुढे जातात." मग तिनं एका काडीवरच्या गाठीवर बोट ठेवलं. "ही मोडून पुन्हा जुळलीय. अशा पुष्कळ आहेत. कधी दुखलं नाही?"

"दुखलं असेल. गिऱ्हाईक समोर असताना कोण बघतं?"

मी त्या गाठी बघत राहिले. मोडताना बोंबलल्या नाहीत, जुळल्यावर मिरवल्या नाहीत. माझ्याच त्या.

"म्हणून म्हणतो, आता घरी बस," मुलगा म्हणाला.

मी भाचीला विचारलं, "बसून राहिले तर बांधणारे येतील का गं?"

"उलट. वजन पडलं नाही तर ते आणखी ढिले पडतात. पण औषध चुकवायचं नाही आत्या, आणि गठ्ठे उचलायचे नाहीत. पुन्हा पडलीस तर मी काही ऐकून घेणार नाही."

"औषध घेईन. गठ्ठे हा उचलेल, अंगात भरपूर रग आहे त्याच्या. लाव रे त्या मोबाइलवाल्याला फोन."

"काय सांगू?"

"दुकान रिकामं नाही म्हणावं. मालकीण उभी आहे."

"आई, तू बसलेली आहेस."

"मग हात दे की."