चंचलचा प्लॉट

पांढुर्णा जिल्हा झाला, अन् तेव्हापासून या भागात जमिनीवर चुन्याची फक्की दिसली की माणसं एकच समजतात: प्लॉट पडले. शाळेच्या मैदानात फक्की मारताना विजया मॅडमच्या हे ध्यानातच आलं नाही. त्यांच्या डोक्यात फक्त चंचल होती.

दुसरीतली ही पोरगी एका पायावर उभी राहील तर शपथ. चेंडू आला की डोळे मिटायची. मागं एकदा पडून हात मोडला, तेव्हापासून तिचे आजोबा नत्थूजी तिला कडेवर शाळेत आणत. त्या मायेचा मॅडमला राग यायचा. अशानं पोरगी धडधाकट असून पांगळी व्हायची.

खेळाचा तास तर हेडमास्तर श्रीकांत सरांनी कधीचाच गिळला होता. आता मैदानही एका व्यापाऱ्याला संत्र्याचे कॅरेट ठेवायला कबूल करून बसले.

"हंगामापुरतं तर हाय, मॅडम. खेळून कोणतं पोरगं कलेक्टर होऊन राहिलं?"

"कलेक्टरलाही पहिले तोल सांभाळता यावा लागते, सर," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत त्यांनी मैदानभर फक्की मारली. लंगडीची घरं, उड्यांचे चौकोन, चेंडू झेलायचे गोल. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

चंचलला फाटकातच उतरवून नत्थूजी परतले. ती वर्गमैत्रिणींसोबत पहिल्या घरात उभी राहिली, तोच गावातून माणसं धावत आली. शाळेचं मैदान विकलं, अशी बोंब उठली होती. सगळ्यांपुढं काठी घेऊन नत्थूजी.

"कोनं पाडले इथं प्लॉट?"

"मी पाडले," मॅडम म्हणाल्या. "हा तुमच्या चंचलचा. अन् आज इथं कॅरेट येऊन राहिले, तेही ऐकून घ्या."

नत्थूजीनं वळून पाहिलं. पोरगी एक पाय उचलून डुगडुगत होती. काठी टाकून ते धावले, तर मॅडम आडव्या झाल्या.

"पडू द्या तिला, आबाजी."

"हात मोडन तिचा."

"तुम्ही असंच उचलत राहिले, तर पाय असून नसल्यासारखे होतील तिचे."

चंचल पडलीच. गुडघा खरचटला. नत्थूजीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कोणी हललं नाही. पोरीनं सगळ्यांकडं पाहिलं, उचलायला कोणी येईना. मग फ्रॉक झटकून स्वतःच उठली, अन् पुन्हा पहिल्या घरात जाऊन उभी राहिली.

एक घर. दुसरं. तिसऱ्यात डुगडुगली, पण टेकली नाही.

तेवढ्यात फाटकात कॅरेटांचा ट्रॅक्टर हॉर्न देत शिरला. श्रीकांत सर "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत ओसरीतून आले. नत्थूजीनं काठी उचलली, सरांकडं पाहिलंही नाही, अन् ट्रॅक्टरपुढं जाऊन उभे राहिले.

"मांगं घे रे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "माह्या नातीचे अजून दोन घरं बाकी हायत."