बारा फुटांवर बदलणारी भाषा

दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तळवड्याच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये ती बारा फुटांवर बदलते.

मी शालनबाई. चौदा वर्षं पत्रा दाबतेय. मशिनींचा दणका असा, की कानात घालायला बोळे कंपनीच देते. मग बोलायचं कसं? हातानं! कुणी शिकवलं नाही, अडेल तशी एकेक खूण निघत गेली. आमच्या लाइनीत सगळ्या लातूर-बीडकडच्या, त्यामुळं जेवायच्या सुट्टीला आम्ही भाकरी थापून दाखवतो. पलीकडं कोकणातल्या जास्त, त्या भात कालवतात. 'साहेब आले' म्हणायला आम्ही पोट दाखवतो, त्या चष्मा. साहेब एकच बरं का!

महिन्यापूर्वी दिघीची वर्षाली ट्रायलवर आली. जन्मापासून ऐकू येत नाही, आणि ह्याच कारणानं आधी दोन कंपन्यांनी परत पाठवलेली. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, हिला सांभाळू का पत्रा दाबू? खोटं कशाला बोलू, पहिल्याच दिवशी तिच्यावर वसकले. ती हसली. मग तर मला आणखीच राग आला.

आठ दिवसांत पोरीनं आमच्या सगळ्या खुणा उचलल्या, पंधरा दिवसांत पलीकडच्यासुद्धा. दोन लाइनींत काही अडलं की मधे वर्षाली. माझा तोंडाचा पट्टा आपोआप बंद झाला. ही पोरगी आता जाता कामा नये, असं मलाच वाटायला लागलं.

शुक्रवारी ट्रायल संपायची होती. निरंजन साहेब कागद घेऊन आले, तिच्या पाठीमागं उभे राहिले आणि ओरडले, "थांबा!" तोंड उघडलेलं मला दिसलं, शब्द नंतर कळला. ती कशाला थांबतेय? साहेबांनी काट मारायला पेन काढलं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साहेबांना बाहीला धरून मी ऑफिसच्या दाराआड नेलं.

"साहेब, आता मला मारा हाक. पाठीमागून. पत्रे आणून देणाऱ्या दत्तोबालाही मारा."

"अहो शालनबाई, सेफ्टीचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणते, मारा!"

मी जाऊन पाठ करून कामाला लागले. साहेबांनी म्हणे चार हाका मारल्या. मी वळले नाही, दत्तोबा वळला नाही, कुणीच वळलं नाही. तेवढ्यात पलीकडं डायच्या साच्यात पत्रा तिरका बसला आणि इंदुताईनं हात वर केला. आमच्यापैकी एकीचंही लक्ष नव्हतं. वर्षालीनं मात्र बघितलं आणि खांबावरचं लाल बटण दाबलं. दोन्ही लाइनी गप्प झाल्या, आणि त्या शांततेत साहेबांची पाचवी हाक घुमली, "थांबाऽऽ!"

अगं बाई, काय हसलो आम्ही! साहेब लालेलाल झाले, मग स्वतःच हसायला लागले. कागद खांबाला टेकवून त्यांनी सही केली.

"सांगा तिला. ठेवलं म्हणावं."

मी हात उचलले आणि तशीच अडकले. 'काढलं' म्हणायला आमच्याकडं खूण आहे, गेटकडं हात झटकायचा. 'ठेवलं' म्हणायला नव्हतीच. आम्हा कंत्राटी बायांना ठेवलं म्हणून सांगायला कोण येतंय? काढत नाहीत तोवर ठेवलेल्या. वर्षाली माझ्या रिकाम्या हातांकडं बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. माझा जीव कळवळला. काही सुचेना, तेव्हा मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि ती उभी होती तिथंच तिला गच्च खाली दाबलं.

तिला कळलं. रडली, हसली, आणि दोन्ही तळवे खाली दाबून तिनं मलाच विचारलं. मी तसेच दाबून सांगितलं, व्हय.

जेवणापर्यंत ही खूण आमच्या लाइनीत सगळ्यांच्या हातात बसली. शिफ्ट सुटेपर्यंत पलीकडच्यांनी ती एका हाताची करून टाकली. मी भांडायलाच निघाले होते, पण वर्षाली मधोमध उभी राहून इकडं दोन हातांनी, तिकडं एका हातानं सांगत सुटली होती, ठेवलं, ठेवलं, मला ठेवलं.