खंडेनवमीचं काळं तेल

खंडेनवमीला हिंगोलीकडच्या पुसेगावजवळच्या एका बंजारा तांड्यात झाडून सगळे ट्रॅक्टर धुऊन-पुसून देवळासमोर उभे राहतात, आणि पूजेआधी प्रत्येकाचं जुनं इंजिन ऑइल काढून नवं भरलं जातं. निघालेलं काळं तेल कुणी फेकत नाही. बाया डबे घेऊन तयारच असतात. गोठ्याच्या लाकडी मेढींना आणि दाराच्या चौकटींना ते फासलं की वर्षभर वाळवी फिरकत नाही. तेल खरंच खराब झालंय का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. सण आला की तेल गेलं.

रुख्मिणीबाईने त्या दिवशी ट्रॅक्टर धुतला, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि तेल काढायला साफ नकार दिला.

"चांगलं हाय अजून," ती म्हणाली. "ह्या साली न्हाई निघणार."

हिंगोलीच्या कलीम मिस्त्रीने तिच्या इंजिनाला बाजूने एक जादा फिल्टर जोडून दिला होता. बायपास फिल्टर म्हणतात त्याला. नेहमीच्या फिल्टरातून सगळं तेल धावत सुटतं, त्यामुळे बारीक काजळी त्याच्या हाती लागत नाही. ह्या दुसऱ्यातून थोडंच तेल जातं, पण सावकाश, घट्ट गाळलं जातं आणि पुन्हा इंजिनात येतं. तेल तपासता यावं म्हणून कलीमने नळीवर एक छोटी तोटीही बसवली होती. इंजिन चालू असताना ती सोडली की तेल बाहेर येई.

"भाभी, ह्याचा गाभा टाइमावर बदला, तेल उतरलं तर वरून घाला, आन् नजर ठेवा," कलीमने बजावलं होतं. "तेल जिंदगीभर टिकल असं मी म्हणत न्हाई. पण चांगलं तेल काहून फेकायचं?"

रुख्मिणीला ते पटलं होतं, आणि एकदा पटलं की ती कुणाच्या बापाला ऐकत नसे.

तिचा धाकटा दीर लालसिंग मात्र ह्याच संधीची वाट पाहत होता. नवरा शंकरसिंग गेल्यापासून ट्रॅक्टर तीच चालवत होती. लालसिंगचा स्वतःचा ट्रॅक्टर दारात उभा असूनही त्याला भावाचा हवा होता. बाईच्या हातात स्टिअरिंग पाहिलं की त्याच्या पोटात दुखायचं.

"दादानं एक सण चुकवला न्हाई," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "वहिनी, तुमी दादाचं इंजिन जाळून ठेवणार. हळदीच्या हंगामात बंद पडलं तर लोकांना तोंड कोण दाखवील?"

रुख्मिणीचं डोकं फिरलं. "हंगामात ह्या इंजिनानं दगा दिला, तर चावी तुमची. न्हाई दिला, तर ह्या ट्रॅक्टरचं नाव तुमी परत काढायचं न्हाई. बोला, हाय कबूल?"

लालसिंगने मान डोलावली. तांड्याचे नाईक भावसिंग यांनीही डोलावली, म्हणजे आता माघार नव्हती. ह्या गडबडीत म्हातारी सासू रूपाबाई रिकामा डबा घेऊन उभी होती, ती तशीच घरी गेली. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, रुख्मिणीचंही नाही.

हिवाळा सरला. हळद निघाली, शिजली, वाळली आणि पॉलिशचे दिवस आले. ट्रॅक्टरवर पत्र्याचा मोठा ढोल फिरतो, त्यात हळकुंडं घासून पिवळीधमक होतात. रुख्मिणीचा ढोल शिवाराशिवारात फिरू लागला आणि इंजिन कसलीही कुरकुर न करता चालत होतं.

फक्त तेल कमी होऊ लागलं. सकाळी तेल मोजायची दांडी ओढून पाहावं तर पातळी खाली आलेली. ती वरून घालायची, चार दिवसांनी पुन्हा तेच. तिने हिंगोली गाठली. कलीम ट्रॅक्टरखाली शिरला, नळ्या चाचपल्या, इंजिन रेस करून धूर पाहिला.

"गळती न्हाई, निळा धूर न्हाई," तो बाहेर येत म्हणाला. "मंग तेल जातंय कुठं?"

ते तिलाही माहीत नव्हतं. परतताना पहिल्यांदाच तिला खरी भीती वाटली. ट्रॅक्टर गेला तर ती पुन्हा दुसऱ्याच्या शेतात हळद वेचायला जाणार होती, आणि वरून लालसिंगचं हसणं पाहणार होती. तरीही तांड्यात शिरताना तिने मान ताठ ठेवली.

एका सकाळी पुसेगावच्या मोहियोद्दीनभाईंची हळद पॉलिश करायची होती. ट्रॅक्टर अंगणात घुरघुरत होता आणि रुख्मिणी आत भाकरी बांधत होती. बाहेर आली तर लालसिंग नाईकांना घेऊन हजर. ती वरचेवर तेल घालते, ही बातमी त्याला लागलीच होती. त्याने इंजिन बंद करायला लावलं, थोडं थांबून दांडी ओढली आणि नाईकांपुढे धरली. तेल खालच्या खुणेला टेकलं होतं.

"कधी भरलं होतं, वहिनी?"

"परवा," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"बघा नाईक. इंजिन तेल पिऊन राहिलंय. आणा चावी."

रुख्मिणीने चावी काढली आणि मुठीत घट्ट धरली. "दगा दिला तर, असं ठरलं होतं. दिला का?"

"आज ना उद्या देईलच."

"मंग देईल तवा या."

"रुख्मिणी," नाईक शांतपणे म्हणाले, "तेल जातंय कुठं, येवढं सांग. मंग आमी जातो."

मुठीत चावी रुतत होती.

तेवढ्यात गोठ्यातून रूपाबाई आली. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले, एका हातात डबा, आणि चेहऱ्यावर राग मावत नव्हता.

"कसलं हे तेल," ती सुनेवर कडाडली. "किती येळा फासलं, मेढ काळी म्हणून होईना. बिनदुधाच्या चहावानी तांबडं. वाळवी वर चढून राहिली ना."

"याडी, हे तेल कुठलं?" लालसिंगने आईला विचारलं.

"कुठलं म्हंजे? आपल्याच टॅक्टरचं. सणाला माझा डबा भरला का कुणी? ही गाडी चालू करून आत जाती, तवा मी तोटी सोडती. थोडं थोडंच घेती." मग तिचा आवाज उतरला. "शंकर पहिला डबा मला द्यायचा. तो असता तर चोरून घ्यायची येळ आली असती का माझ्यावर?"

रुख्मिणीला सुटल्यासारखंही वाटलं आणि गलबलूनही आलं. आपल्या भांडणात सणाच्या दिवशीचा तिचा रिकामा डबा आपल्याला दिसलाच नाही, हे तिला आत लागलं.

नाईकांनी डब्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि उजेडात धरलं.

"वरून नवं घालत होती, म्हणून तसं दिसतंय," लालसिंग घाईने म्हणाला.

"तुझ्यात तर खंडेनवमीला समदं नवं भरलं होतं," नाईक म्हणाले. "तुझी दांडी काढ बरं."

लालसिंगचा ट्रॅक्टर शेजारीच होता. त्याने नाइलाजाने दांडी ओढली. तिच्या टोकाला डांबरासारखं काळं तेल होतं. नाईकांनी हात धोतराला पुसले, त्यांच्या तर्जनीचा तांबूस ठसा पांढऱ्या कापडावर उमटला.

"चावी जिथं हाय तिथंच राहील," ते म्हणाले.

रुख्मिणीने कॅन आणून शांतपणे तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं. मग सासूच्या हातातला डबा घेतला, त्यातलं तांबूस तेल कलीमला दाखवायला बाटलीत ओतून ठेवलं आणि रिकामा डबा लालसिंगपुढे धरला.

"भाऊजी, आत्याबाईंचा सण राहिलाय. पहिला डबा पोरानं द्यायचा असतो, आन् तुमी बी पोरगंच की त्यांचं. मेढीला काळंच तेल लागतं, ते तुमच्याकडं भरपूर हाय."

लालसिंगने नाईकांकडे पाहिलं. नाईक आकाशाकडे पाहत होते. शेवटी तो पाना घेऊन स्वतःच्या ट्रॅक्टरखाली आडवा झाला, आणि रूपाबाई डबा धरून त्याच्या डोक्याशी बसली.

"सांडू नको रे," ती म्हणाली.

रुख्मिणीने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं आणि मागचा ढोल खडखडत रस्त्याला लागला. मोहियोद्दीनभाईंची हळद वाट पाहत होती.